गुरुजींचं प्रगतिपुस्तक

मुलांचं प्रगतिपुस्तक आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. सहामाही झाली की ते घरी यायचं आणि वडिलांची सही घेऊन परत द्यावं लागायचं. कमी गुणांखाली लाल रेघ असायची. ती रेघ वडिलांच्या नजरेस पडू नये म्हणून आपण काय काय खटपटी केल्या, ते इथं सांगायला नको. पण ज्या गुरुजींनी ती लाल रेघ ओढली, त्यांचंही एक प्रगतिपुस्तक असतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ते कोण लिहितं, त्यात काय लिहितात आणि मुख्य म्हणजे ते गुरुजींना दाखवतात का, याविषयी आज थोडं बोलावं म्हणतो.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी तीस वर्षांवर लिपिक आहे. बी.ए. झालो, कविता करू लागलो आणि पोटासाठी त्या टेबलाशी येऊन बसलो. शाळेत माझ्या कविता फारशा कुणी वाचल्या नाहीत. अक्षर मात्र बरं आहे, म्हणून सेवापुस्तकं, आवक-जावक नोंदवह्या आणि कपाटातली खाकी पाकिटं माझ्या वाट्याला आली.

त्या पाकिटांकडे येण्याआधी माझ्या अब्बांविषयी सांगतो. अब्बा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वर्षातून एकदा तपासणी यायची. गावातली जुनी माणसं तपासणीच्या साहेबांना अजून ‘दिपोटी’च म्हणत. त्या दिवशी अम्मी पहाटे उठून अब्बांच्या सदऱ्याला इस्त्री करायची. तांब्यात निखारे घालून ती सदऱ्यावरून फिरवायची. वर्ग सारवलेला, फळा काळा केलेला, मुलांची नखं कापलेली. साहेब मुलांना पाढे विचारत, एखाद्याला वाचायला लावत आणि जाताना शाळेच्या शेरेबुकात चार ओळी लिहीत. ते शेरेबुक टेबलावरच असायचं. सरपंच वाचायचे, पालक वाचायचे, मीही वाचलं आहे. एका वर्षी साहेबांनी लिहिलं होतं, की चौथीच्या मुलांचं भूमितीचं काम कच्चं आहे. अब्बा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुतळी आणि चार खुंट्या घेतल्या, मुलांना मैदानात नेलं आणि जमिनीवर त्रिकोण आखायला बसवलं. पुढच्या तपासणीत तो शेरा आला नाही.

शेरा कडू होता, पण उघडा होता. म्हणून त्याचा उपयोग झाला. मला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं या प्रसंगात आलंच. तरीही थोडं विस्तारानं सांगतो.

शिक्षकाच्या कामाची तपासणी व्हावी, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळांच्या तपासणीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. डेप्युटी इन्स्पेक्टरनं वर्षातून एकदा येऊन जाण्यानं काही साधत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून न कळवताही व्हावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्याच निवेदनात त्यांनी शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांचा पगार महिना बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, असंही मांडलं होतं. काम मागायचं तर दामही द्यायला हवा, हा हिशेब जोतीरावांनी एकाच कागदात केला होता. पुढे आपण त्यातला सोयीचा भाग तेवढा उचलला.

त्याच काळात दुसरी एक पद्धत विलायतेत चालू होती. १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकारानं तिथं असा नियम झाला, की शाळेला मिळणारं अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरेल. इन्स्पेक्टर यायचा, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित यांत परीक्षा घ्यायचा. मूल ज्या विषयात नापास, त्या विषयाचे पैसे कापले जायचे. परिणाम काय झाला असेल, ते शिकवणीच्या जगात राहणाऱ्या आपल्याला सांगायला नको. मुलांकडून वाचनाचं पुस्तक पाठ करून घेतलं जाऊ लागलं. पुस्तक उलटं धरलं तरी मूल धडाधड ‘वाचायचं’! या पद्धतीवर सरकारी नोकरीत राहून सतत टीका करणारा एक इन्स्पेक्टर होता. त्याचं नाव मॅथ्यू अर्नोल्ड. इंग्रजीतला मोठा कवी, आणि १८५१ पासून पस्तीस वर्षं शाळातपासनीस. शिक्षण यंत्रासारखं होत चाललं आहे, हे तो आपल्या अहवालांतून लिहीत राहिला. निकालावर अनुदान ही रीत आपल्या मुंबई इलाख्यातही आली होती. विलायतेत ती एकोणिसावं शतक संपता संपता मोडीत निघाली. आपल्याकडे कागदावरून गेली, डोक्यातून गेली नाही. आजही ‘सर कसे आहेत?’ या प्रश्नाचं उत्तर आपण दहावीच्या निकालाच्या टक्क्यांत देतो.

आता पाकिटांकडे येतो. आपल्या राज्यातल्या खाजगी शाळांतल्या शिक्षकांच्या नोकरीसाठी १९७७ चा एक कायदा आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, असं त्याचं लांबलचक नाव. त्याखालची नियमावली १९८१ ची. शाळेला अनुदान असो वा नसो, कायदा लागू आहे. शिक्षकाच्या नेमणूकपत्राचा नमुनासुद्धा या नियमांत दिलेला आहे. त्यामुळे शिक्षक आणि संस्था यांच्यातला करार म्हणजे नेमणूकपत्राचा तो एकच कागद नव्हे. त्याच्या पाठीशी हा कायदा आणि ही नियमावली उभी असते.

नियम असा, की प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाचा दरवर्षी गोपनीय अहवाल लिहायचा. शिक्षकाचा अहवाल मुख्याध्यापकांनी लिहायचा आणि मुख्याध्यापकांचा संस्थेनं. विषयाचं ज्ञान, वर्गावरचा ताबा, वेळेचं भान, मुलांशी वागणूक, अशा गोष्टींवर मत नोंदवायचं. एखादा शेरा प्रतिकूल असेल, तर तो त्या शिक्षकाला लेखी कळवायचा. शिक्षकाला त्यावर आपलं म्हणणं मांडता येतं. आणि यापुढचं पोटकलम मला फार मोलाचं वाटतं. अहवाल लिहिलाच नाही, जपून ठेवला नाही किंवा प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, तर त्या काळातलं त्या शिक्षकाचं काम समाधानकारक होतं, असंच धरायचं. म्हणजे अहवालाचा कागद कोरा राहिला, तर तो कोरा कागद शिक्षकाच्या बाजूनं साक्ष देतो!

नवीन शिक्षकाविषयी वेगळी तरतूद आहे. कायम जागेवर नेमलेला माणूस आधी परिवीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर असतो. मूळ कायद्यात हा काळ दोन वर्षांचा. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हापासून नव्या शिक्षकाला तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. ते मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला सोळा, माध्यमिकला अठरा आणि उच्च माध्यमिकला वीस हजार रुपये झालं. या काळात काम किंवा वागणूक समाधानकारक नाही असं संस्थेला वाटलं, तर महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन तिला त्या शिक्षकाची सेवा संपवता येते. पण नियमावली हेही सांगते, की या काळातल्या कामाचं मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठ मूल्यमापन करायचं आणि त्याची नोंद ठेवायची. २००८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं या दोन तरतुदी एकत्र वाचायला सांगितल्या. सेवा संपवण्याचा अधिकार संस्थेला आहे, पण तो वापरण्याआधी त्या शिक्षकाच्या कामाचा विचार झाला पाहिजे. नुसतं ‘समाधानकारक नाही’ म्हणून भागत नाही.

कागदावर हे सगळं चोख आहे. कार्यालयात कसं चालतं, ते आता सांगतो.

वार्षिक परीक्षा संपल्या की आमचे त्या वेळचे हेडसर एका दुपारी पंखा लावून बसायचे. मी पंचवीस-तीस छापील नमुने पुढं ठेवायचो. एकाच बैठकीत, एकाच पेनानं सगळे अहवाल भरून व्हायचे. ‘ब अधिक, ब अधिक, ब अधिक.’ सगळी शाळा ब अधिक! वर्गात न जाणारा ब अधिक आणि वर्गातून बाहेर न येणाराही ब अधिक. मग मी पाकिटं चिकटवायचो, वर नावं घालायचो आणि कपाटाला कुलूप लावायचो. हेडसर माणूस म्हणून वाईट नव्हते. कुणाचं भलं-बुरं लिहून वैर कशाला घ्यायचं, एवढाच त्यांचा विचार. पण अशानं चांगल्याला शाबासकी मिळत नाही आणि कच्च्याला आपला कच्चेपणा कळत नाही.

१९९६ ची गोष्ट. आमच्याकडे विज्ञानाच्या एक बाई लागल्या होत्या. प्रोबेशनवर. दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या नळ्या आणि बाटल्या मागून आणायच्या, त्या धुवायच्या, उकळायच्या आणि मुलांकडून प्रयोगाचं साहित्य करवून घ्यायच्या. आमच्या प्रयोगशाळेचं कुलूप उघडं दिसू लागलं ते त्यांच्यामुळं. दोन वर्षं पुरी व्हायला तीन-चार महिने उरले असतील. तेव्हा त्या जागेसाठी संस्थेतल्या कुणाच्या तरी नात्यातला उमेदवार तयार झाल्याची कुजबुज कानावर आली. मग एक दिवस माझ्या टेबलावर नोटीस आली. ‘आपले काम समाधानकारक आढळून आलेले नाही.’ जावक क्रमांक मीच घातला. बाईंनी पोच म्हणून सही केली आणि विचारलं, “भाऊ, माझ्या पाकिटात काय लिहिलंय हो?”

मी म्हणालो, “बाई, ते गोपनीय असतं. सांगता येत नाही.”

मला पक्कं ठाऊक होतं, की त्यांच्या पाकिटात काहीच नव्हतं. वर त्यांचं नाव माझ्याच अक्षरात होतं आणि आत एक कोरा नमुना. दोन वर्षांत त्यांच्या वर्गावर कुणी गेलं नव्हतं, एक ओळ कुणी लिहिली नव्हती. मी हे बोललो नाही. नोकरी नवी होती, घरी अम्मी आजारी होती, ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा दिली आहेत. पण खरी गोष्ट अशी, की तो कोरा नमुना किती बोलका आहे, हे मलाच माहीत नव्हतं. नियमावलीचं पुस्तक माझ्या पाठीमागच्या फडताळात होतं. मी ते उघडलं नव्हतं. नोकरीवरून काढलेल्या शिक्षकाला तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, हे बाईंनाही कुणी सांगितलं नाही. महिना संपला. बाईंनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या गेल्या.

पुढे काही वर्षांनी बढतीच्या निमित्तानं मी नियमावली वाचायला घेतली. गोपनीय अहवालाचा नियम आला आणि वाचता वाचता मला घाम फुटला.

तुम्ही म्हणाल, मग मूल्यमापनच नको का? असं मी म्हणणार नाही. वर्गात पेपर वाचत बसणारे गुरुजी मी पाहिले आहेत. त्यांच्या वर्गातल्या मुलांचं जे नुकसान होतं, त्याचं अपील कुठल्याच न्यायाधिकरणात चालत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंही शिक्षकाची कर्तव्यं मोजून सांगितली आहेत. वेळेवर यावं, अभ्यासक्रम पुरा करावा, प्रत्येक मुलाची कुवत ओळखून जादा शिकवावं, पालकांशी बोलावं. त्यात कसूर झाली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पण तिथंही अट आहे, की आधी शिक्षकाला आपली बाजू मांडायची संधी द्यायची. कायम शिक्षकाला काढायचं तर चौकशी समिती लागते. तिच्यात एक सदस्य संस्थेचा, एक शिक्षकानं सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. सगळीकडे सूत्र एकच दिसतं. ज्याच्याविषयी लिहायचं, त्याला ते कळलं पाहिजे.

न्यायालयानंही हेच सूत्र पुढं नेलं. सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या खात्यातल्या एका अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी मात्र ‘उत्तम’ लागत होता. ‘चांगला’ हा काही वाईट शेरा नव्हे, म्हणून त्याला तो कळवलाच नाही, आणि बढती हुकली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शेरा बरा असो वा वाईट, सरकारी सेवकाला प्रत्येक शेरा कळवला पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. आता सरकारी कागदांत ‘गोपनीय’ हा शब्द मागे पडून ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ असा शब्द आला आहे. शब्द बदलला, हे बरंच झालं. कपाटाची सवय बदलायला वेळ लागतो.

मोजायचं काय, हा प्रश्न उरतोच. आमच्या दुष्काळी तालुक्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. वर्गातली दहा-बारा मुलं आईबापांबरोबर कोपीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या वर्गाचा निकाल आणि शहरातल्या शिकवणीच्या मुलांचा निकाल एका तराजूत कसा घालणार? त्या मुलांना परत बाकावर आणून बसवणं, हेच शिक्षकाचं वर्षाचं काम असतं. त्याला नमुन्यात रकाना नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकं ठरवायची म्हटलं आहे. पगारवाढ आणि बढती नुसत्या सेवाज्येष्ठतेवर न देता मूल्यमापनावर द्यावी, असा त्याचा रोख आहे. त्यासाठी सहकाऱ्यांचं मत, हजेरी, कामाची तळमळ, प्रशिक्षणाचे तास अशा अनेक गोष्टी पाहाव्यात, असंही त्यात आहे. कल्पना चांगली आहे. पण तळमळ कशी मोजणार? त्यासाठी मुख्याध्यापकाला वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसावं लागेल. एकदा नव्हे, चार-सहा वेळा. बसून झाल्यावर त्या शिक्षकाशी बोलावं लागेल. त्याशिवाय भरलेला कुठलाही नमुना, कागदावरचा असो की संगणकावरचा, आमच्या ब अधिकचाच भाऊ ठरेल.

आम्हा कवींना टीकेची सवय असते. माझ्या पहिल्या संग्रहावर एका समीक्षकानं असं काही लिहिलं, की मी महिनाभर पेन हातात धरलं नाही. पण ते छापून आलं होतं. मला वाचता आलं, रागावता आलं, आणि राग ओसरल्यावर त्यातलं निम्मं पटलंही. तोच मजकूर कुणी पाकिटात घालून कुलपात ठेवला असता, तर माझी पुढची कविता सुधारली नसती.

बाई मला पुन्हा भेटल्या, दहा-बारा वर्षांनी, एसटी स्टँडवर. दुसऱ्या गावी शिकवण्या घेत होत्या. मी धीर केला आणि सगळं सांगितलं. कोरा नमुना, नियम, तीस दिवस. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “भाऊ, नोकरीचं जाऊ द्या. पण माझं काय चुकत होतं, हे मी इतकी वर्षं शोधत राहिले. काहीच लिहिलेलं नव्हतं, एवढं तरी तेव्हा सांगायचं होतंत.” गाडी लागली आणि त्या गेल्या.

त्या दिवसापासून मी एक पाळतो. नवीन शिक्षक हजर व्हायला आला, की सेवापुस्तकावर त्याचा अंगठा आणि सही घेतो आणि तीन गोष्टी सांगतो. आपलं नेमणूकपत्र नीट वाचा आणि त्याची प्रत घरी ठेवा. वर्षाच्या शेवटी माझ्या कामाविषयी काय लिहिलं, ते कळवा, असा साधा अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. आणि कुठलाही शेरा आला, तर गप्प बसू नका, उत्तर लेखी द्या. काही जण हसतात. क्लार्कनं हे सांगायचं असतं का, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

परवा एक तरुण शिक्षक आला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, माझं पाकीट उघडं ठेवलं तरी चालेल.” मी त्याचं नाव पाकिटावर घातलं आणि त्या दिवशी ते चिकटवलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)